हाकेला ओ

आमच्या घरी दिवाळी नसते, आणि तरीही आमची दिवाळी आजवर एकदाही चुकलेली नाही. वसुबारसेपासूनच जिन्यावर पावले वाजू लागतात. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा चिवडा येतो, समोरच्या आजींच्या चकल्या येतात, गच्चीखालच्या बिऱ्हाडातून अनारसे येतात. भाऊबीजेपर्यंत आमच्या ओट्यावर रुमालांनी झाकलेल्या ताटल्यांची रांग लागलेली असते. शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. म्हणून मी त्या सगळ्या ताटल्या नीट पुसून ठेवते आणि नाताळात भरून परत करते. दर वर्षी दोन महिने इमारतीतल्या निम्म्या ताटल्या आमच्याकडे मुक्कामाला असतात, आणि त्याबद्दल आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. नाताळात आमच्याकडेही करंज्याच होतात. करंजीला जात नाही आणि धर्मही नाही. तिला फक्त मोहन नीट लागते.

या देवघेवीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. फराळ खाणाराचा आनंद तिसऱ्या दिवशी संपतो. मुले पाडव्याला लाडवाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण रात्री एकपर्यंत कढईपुढे बसलेली, कंबर धरलेली, केसांना तळणीचा वास येत असलेली एखादी वहिनी सकाळी ताटली घेऊन दारात उभी राहते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही असते ते भाऊबीज उलटून गेली तरी ओसरत नाही. तिला विचारले तर ती म्हणेल, ‘छे हो, दमले अगदी!’ आणि हसेल.

आपली भाषा या बाबतीत मोठी चतुर आहे. मौज आपण करतो. सुख आपल्याला मिळते, किंवा लागते. आनंद मात्र होतो. तो कोणी करू शकत नाही. पाऊस पडतो तसा तो होतो. म्हणूनच लहानपणी नगरच्या आमच्या उपासनेत पौलाचे फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र वाचले जाई तेव्हा मी गोंधळून जात असे. हा मनुष्य तुरुंगात बसून पत्र लिहितो, आणि पत्रातून लोकांना आनंद करण्याची चक्क आज्ञा देतो! एकदा देऊन भागत नाही, पुन्हा देतो. शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनी असे वाक्य खोडले असते. आनंद झाला म्हणावे, आनंद केला म्हणू नये. पुढे पन्नास वर्षांनी, हातात चकलीची ताटली घेतलेल्या वहिनींकडे पाहताना मला वाटले, की पौलाचे मराठी बरोबर असावे. काही आनंद होत नाहीत, ते करावे लागतात; आणि ते करताना कंबर दुखते.

पण मला लिहायचे आहे ते निराळ्याच शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे पाचारण.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानाला हा शब्द रोजचा आहे. देवाने माणसाला विशिष्ट कामासाठी बोलावणे म्हणजे पाचारण. लहानपणी मला ती पाचरीसारखी काहीतरी टोकदार वस्तू वाटे, आणि ती आपल्याला कुठे टोचेल याची धास्तीही वाटे. मंडळीत अधूनमधून कोणी साक्ष द्यायला उभे राही. अमक्या साली, अमक्या महिन्यात, पहाटे इतक्या वाजता मला देवाची हाक आली, असे ते सांगत. मी पहिल्या बाकावर बसून ऐके आणि मनात हिशेब करी. आपल्याला अजून आली नाही. आपण झोपेत असताना येऊन गेली तर? हा बालिश हिशेब माणूस मोठेपणीही मनातून काढून टाकत नाही. हाक ही फार मोठी, ठळक, तारीखवार गोष्ट असते आणि ती काही निवडक माणसांनाच येते, अशी आपली समजूत होऊन बसते. मग उरलेल्यांनी काय करावे? उरलेल्यांनी मुकाट्याने वर्गणी द्यावी.

लग्न होऊन मी पनवेलला आले आणि शिक्षिका म्हणून इथेच आयुष्य गेले. पनवेल हे गावच मुळी हाकांचे. एस. टी. स्टँडबाहेर उभे राहा. नेरे, वाजे, पेण, उरण अशा आरोळ्या चारी बाजूंनी येत असतात. पूर्वीही असेच असणार. मुंबईहून पुण्याला जायचे तर खाडीतून होडीने पनवेलच्या बंदरावर उतरायचे आणि पुढे घाट चढायचा, हा जुना मार्ग. कलकत्त्याचे बिशप हेबर १८२५ साली याच वाटेने पुण्याला गेले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलची वर्दळ वाढली. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली आणि वर्दळ दुसरीकडे वळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या शेजारी विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि बंदरात उतरणाऱ्या होड्यांच्या या गावावरून आता विमाने उतरतात. दोनशे वर्षे हे गाव दुसरीकडे निघालेल्या माणसांना पाणी पाजत आले आहे. इथल्या माणसाला कोणी निघाले म्हणून नवल वाटत नाही. फक्त निघणारे माणूस आपल्या घरातले असले, की गोष्ट वेगळी होते.

आमची धाकटी वेल्लोरला परिचारिकेचे शिक्षण घेऊन आली. मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात तिने पाच-सहा वर्षे नोकरी केली. मग एकाच महिन्यात दोन पत्रे आली. एक आयर्लंडहून, तिथल्या रुग्णालयात नेमणूक झाल्याचे. तो पगार रुपयांत मोजला तर घराचे उरलेले कर्ज दोन वर्षांत फिटले असते. दुसरे पत्र नंदुरबार जिल्ह्यातल्या, नवापूरकडच्या एका लहान मिशन रुग्णालयातून. तिथे पगार मुंबईच्या निम्म्याहून कमी, खोली रुग्णालयाच्या आवारात, आणि रात्रपाळीला माणसे कमी. हे दुसरे पत्र काही आपणहून आलेले नव्हते. वेल्लोरची तिची एक मैत्रीण तिथे होती, आणि पोरीने स्वतःच चौकशी केली होती.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, ‘आई, मला तिकडे जावंसं वाटतं. पण ही देवाची हाक आहे, की माझ्याच मनाची, हे कसं ओळखायचं?’

पाहा, किती साधा प्रश्न! साक्षी ऐकण्यात माझे बालपण गेले, पंचवीस वर्षे मी शब्बाथ शाळेत मुले बसवली, आणि या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. शिवाय मी आई. हिच्या जन्मानंतर मंडळीपुढे तिला मांडीवर घेऊन उभी राहिले होते आणि हे लेकरू देवाचे आहे असे सर्वांदेखत म्हटले होते. सगळ्याच आया म्हणतात. म्हणताना खरेच वाटते. पण ‘तुझेच आहे’ म्हणणे निराळे, आणि समोरच्याने ‘मग दे’ म्हणून हात पुढे करणे निराळे. मी तिला म्हटले, ‘उद्या बोलू.’ ती झोपली. मी जागी राहिले.

त्या रात्री मला शमुवेलाची गोष्ट आठवली. मंदिरात राहणारा हा पोरगा रात्री झोपला असता त्याला हाक ऐकू येते. तो उठतो आणि म्हाताऱ्या एली याजकाकडे धावत जातो. एली म्हणतो, मी नाही बाळा हाक मारली, जा, झोप. असे तीनदा होते. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या ध्यानात येते की हाक मारणारा दुसराच कोणी आहे. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! सांगताना मुले हसत, कारण पोरगा फसतो. त्या रात्री मात्र मला वेगळेच दिसले. एलीची दृष्टी गेली होती. अशा म्हाताऱ्याला रात्री पाणी लागते, हात धरून उठवावे लागते. या पोराला रात्री उठून धावण्याची सवय असली पाहिजे. देवाची हाक त्याला म्हाताऱ्याच्या हाकेसारखी वाटली, यात तो फसला कुठे? त्याच्या कानाला हाकेची दुसरी ओळखच नव्हती. जो पोरगा म्हाताऱ्याच्या हाकेला कूस बदलून झोपतो, त्याला तिसरी हाक ऐकूच आली नसती.

सकाळी मी हे लेकीला सांगितले. ती वेल्लोरची असल्यामुळे तिने लगेच आपली गोष्ट काढली. वेल्लोरचे रुग्णालय उभारणाऱ्या आयडा स्कडर या मिशनरी डॉक्टरांच्याच घरातल्या. पण स्वतः त्यांना हिंदुस्थानात राहायचे मुळीच नव्हते. आई आजारी म्हणून त्या अमेरिकेहून आल्या होत्या आणि लवकरच परतणार होत्या. एका रात्री तिंडिवनमच्या त्यांच्या दारावर तीनदा थाप पडली. तीन निरनिराळ्या घरांतले तीन पुरुष, दोन हिंदू आणि एक मुसलमान, बाळंतपणात अडलेल्या आपापल्या बायकांसाठी मदत मागत होते. वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाला आत घ्यायला ती घरे तयार नव्हती. आणि आयडाला वैद्यकीचा गंध नव्हता. सकाळी तिन्ही बायका गेल्याचे कळले. त्या मुलीने अमेरिकेत जाऊन १८९९ साली डॉक्टरकीची पदवी घेतली आणि परत येऊन वेल्लोरला काम सुरू केले. तिला आकाशवाणी झाली नाही. दारावर थाप पडली, आणि थाप मारणाऱ्याला नावगाव होते.

‘म्हणजे हाक माणसाच्याच आवाजात येते, असं तुझं म्हणणं,’ मी म्हटले.

‘माझं कुठे! मी तर तुला विचारतेय,’ ती म्हणाली.

मग मला आमच्या नगरकडची माणसे आठवली. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा वृत्तान्त सर्वांना माहीत आहे. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटतो, नवा करार हाती देतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करतो. आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा होतो. कशी गोळीसारखी सरळ हाक! पण मला नेहमी लक्ष्मीबाईंचे जास्त वाटते. त्यांना त्या डब्यात कोणी भेटले नव्हते. त्यांच्यापुढे आले ते नवऱ्याचे धर्मांतर, मोडलेले घर आणि वर्षानुवर्षांची ताटातूट. त्यांचे मन पालटले ते एखाद्या दिव्य क्षणी नव्हे. सोवळेओवळे कडकडीत पाळणारी ही बाई एके दिवशी विचार करू लागली, की जाती देवाने केल्या असत्या तर त्याने माणसांची शरीरेही वेगवेगळी केली नसती काय? विचार पटला, तशी त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. एवढीच ती गोष्ट. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या मागोमाग गेल्या असे लोक म्हणतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळते, की ही बाई कोणाच्या मागोमाग जाणारी नव्हती. ती आपल्या पायांनी, आपल्या वेळेला गेली. पुढे परक्यांची पोरे तिच्या पदराखाली वाढली. नवऱ्याने अर्धवट सोडलेल्या ‘ख्रिस्तायना’चे साठाहून अधिक अध्याय तिने लिहिले, जिला शाळा ठाऊक नव्हती. आणि सबंध ‘स्मृतिचित्रां’त दारिद्र्य, प्लेग, मरण, विरह सगळे असून पानापानांवर ती हसते आहे. स्वतःला हसते, टिळकांना हसते, देवापुढेही हसते. ते हसू सुखवस्तूपणाचे नव्हे. सुख तिला कधी फारसे लाभलेच नाही.

माझी आजी तर केडगावची. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून ज्या शेकडो मुली मुक्तिसदनात आणल्या, त्यांतली ही एक, पाचेक वर्षांची. आईबापांचे नाव तिला सांगता येत नव्हते. मोठी झाल्यावर तिला तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायचे काम मिळाले. रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलाचे भाषांतर करीत होत्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या, आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. आजी म्हणे, ‘आम्ही काय, अक्षरं उचलायची आणि ठेवायची. उलटी असतात ना ती, लावताना वाचता येत नाहीत फारशी. छापून आलं की कळायचं काय लावलं ते.’ तिला कोणी पाचारणाविषयी विचारले असते तर तिने पदर तोंडाला लावला असता. पण ती आनंदी बाई होती. मी तिच्याइतकी आनंदी बाई पाहिलेली नाही. तिने आम्हा नातवंडांना एकच शिस्त लावली. कोणी हाक मारली की ‘काय?’ म्हणायचे नाही, ‘कशाला?’ म्हणायचे नाही, ‘ओ’ द्यायची. ‘काय’ म्हटले की काम आधी विचारले जाते आणि मग पाय उचलतो. ‘ओ’ म्हटले की पाय आधी उचललेला असतो. आमच्या घरी ही शिस्त तीन पिढ्या चालली. माझ्या मुलींनाही मी तीच लावली.

आणि यांचे सांगितले नाही तर लेख अपुरा राहील. हे तळोज्याच्या कारखान्यात हिशेबनीस होते. अबोल माणूस. मंडळीत मागच्या बाकावर बसत. २६ जुलै २००५ ला मुंबईवर आभाळ फाटले तेव्हा पनवेललाही गाढी नदी गावात शिरली. आम्ही तेव्हा नदीकडच्या एका चाळीत वरच्या मजल्यावर राहत होतो. दिवे गेलेले. काळोखात खालच्या गल्लीतून एक म्हातारी ओरडत होती. पलीकडच्या बैठ्या घरात एकटी राहणारी ती. हे कंदील घेऊन खाली उतरले. मी जिन्यात उभी राहून ‘जाऊ नका’ म्हणत होते, दोन्ही मुली मला बिलगलेल्या. पाणी यांच्या छातीला लागले होते. दीड तासाने हे म्हातारीला पाठीवर घेऊन आले. म्हातारीच्या हातात भिजलेली कोंबडी होती. ती सोडायला ती तयार नव्हती, म्हणून उशीर झाला.

पुढे पाण्याचा ओसर झाल्यावर एका रविवारी यांना साक्ष द्यायला उभे केले. पाळकांनी प्रस्ताव चांगला केला होता. देवाने त्या रात्री कसे पाचारण केले ते सांगा, म्हणाले. हे उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘मला हाकबिक काही आली नाही. आजी ओरडत होत्या, एवढंच.’ आणि खाली बसले. मंडळीत हशा झाला. हेही हसले. मी यांना इतके मोकळे हसताना त्याआधी फार थोडे वेळा पाहिले होते. २०१६ साली हे गेले. तो हशा मला अजून ऐकू येतो.

हे सगळे मी लेकीला एका दमात सांगितले नाही. आठ-दहा दिवस स्वयंपाक करता करता, दळण निवडता निवडता तुकड्या-तुकड्यांनी बोलणे झाले. आणि प्रामाणिकपणे सांगते, त्यातून उत्तर निघाले नाही. आमच्या शेजारी केरळच्या एक सिस्टर राहतात. त्यांनी आखातात बारा वर्षे रात्रपाळ्या करून चार भावंडांची शिक्षणे आणि दोघींची लग्ने केली. त्यांनाही कोणी हाक मारलीच होती ना? आयर्लंडलाही म्हातारी माणसे आहेत, त्यांनाही रात्री पाणी लागते. दूर रानात गेले की देवाचे, आणि विमानाने गेले की पैशाचे, अशी सोपी वाटणी करता येत नाही. मी लेकीला तसे सांगितलेही. मनात आशा ही, की ती आयर्लंड म्हणेल. म्हणजे कर्ज फिटेल, आणि मलाही लेक देवाला नाकारल्यासारखे होणार नाही. आईच्या तर्कशास्त्राला सीमा नसते.

ती ऐकून घेई. एके संध्याकाळी म्हणाली, ‘आई, आयर्लंडचं पत्र वाचलं की मी पगार मोजायला बसते. हे दुसरं वाचलं की रात्रपाळीला किती जणी आहेत ते मोजते. माझं लक्ष जिकडे जातं तिकडे मी जाऊ का?’

मी ‘जा’ म्हटले. मोठ्या श्रद्धेने म्हटले असे नाही. ‘जा’ म्हणण्यापलीकडे त्या घटकेला मला दुसरा शब्द सुचला नाही. त्या रात्री कर्जाचे हप्ते मांडून पाहिले. माझे निवृत्तिवेतन आणि थोरलीची मदत धरून अकरा वर्षे लागणार होती. अकरा वर्षे म्हणजे फार नव्हेत, असे मी स्वतःला तीन-चारदा सांगितले.

जून महिन्यात ती गेली. पुढच्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले. नवापूरचे स्टेशन मोठे गमतीचे आहे. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एका पायाने आजीच्या मुलखात आणि दुसऱ्याने माझ्या, अशी मी क्षणभर उभी राहिले. लेक घ्यायला आली होती. वाळली होती, काळवंडली होती. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीला माझ्याच जुन्या साडीचा पडदा. आसपासची वस्ती भिल्ल, मावची, कोकणी. दिवसा ती कामावर गेली की मी आवारात बसून राही. सिकलसेलने वेदना होणारी पोरे, शेतात पान लागलेली माणसे, बैलगाडीतून आणि आता रिक्षातून येणाऱ्या अडलेल्या बाया. सगळेच बरे होत नाहीत. दुसऱ्या दिवशी एक पोर दगावले. लेक खोलीवर आली, काही न बोलता भात जेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या मनात आले, विचारावे, ‘होतो का ग आनंद?’ विचारले नाही. असला प्रश्न पाठीला विचारायचा नसतो.

तिसऱ्या दिवशी एक मावची आजी तिला आपल्या बोलीत काही शिकवत होत्या. लेकीने ते उलटेच म्हटले असावे, कारण सगळा वॉर्ड हसू लागला. खाटेवरची, सलाईन लावलेली माणसे हसत होती. लेकही हसली. मान मागे टाकून, डोळे मिटून, अगदी मोकळे. मी दाराशी उभी होते. ते हसू मी ओळखले. मंडळीत मागच्या बाकावरून उठून, एक वाक्य बोलून, खाली बसलेल्या माणसाचे ते हसू होते.

त्या रात्री तिची पाळी नव्हती. आम्ही दोघी एका खाटेवर दाटीवाटीने झोपलो होतो. केव्हातरी बाहेरून आवाज आला, ‘सिस्टर!’ मला नीट जाग येण्याआधीच, झोपेतच, तिच्या तोंडून निघाले, ‘ओ!’ आणि ती उठून बसली. पायाने चपला चाचपल्या, शाल ओढली, दार उघडले. गार वाऱ्याचा एक झोत आत आला आणि दार लागले. अंगणातून तिच्या पळत्या चपलांचा आवाज वॉर्डाच्या दिशेने गेला.

मी तिच्या जागेची ऊब हाताने चाचपली, कूस बदलली आणि पुन्हा झोपले. यांच्यामागे इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.